हिवाळ्यातील झायन: उन्हाच्या हिशोबाने आखलेली भेट

अमेरिकेच्या युटा राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात व्हर्जिन नदीच्या उत्तर शाखेने लाल-पांढऱ्या वालुकाश्मात एक खोल दरी कोरून काढली आहे. 1909 मध्ये ही दरी ‘मुकुंटुवीप’ या, दक्षिण पायूट या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या नावाने राष्ट्रीय स्मारक म्हणून संरक्षित झाली आणि 1919 मध्ये झायन या नावाने युटामधले पहिले राष्ट्रीय उद्यान ठरली. आज तिथे वर्षाला पन्नास लाखांच्या आसपास लोक येतात आणि त्यांतले बहुतेक मार्च ते ऑक्टोबर या काळात येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मात्र हीच दरी शांत होते, उन्हाळ्यातला चाळीस अंशांपर्यंत चढणारा उष्मा नसतो आणि लाल कड्यांवर अधूनमधून पांढरा बर्फ दिसतो. डिसेंबरच्या सुट्टीत लास वेगासपर्यंत जाणारी कितीतरी मराठी कुटुंबे तिथून तीन तासांवर असलेले हे उद्यान केवळ ‘थंडीत काय बघायचे’ या शंकेने सोडून देतात, याचे मला मनापासून वाईट वाटते आणि म्हणूनच हा लेख सविस्तर लिहीत आहे.

मी या दरीत तीन हिवाळे गेलो आहे. पहिल्या खेपेस मी उन्हाळ्यातल्या सवयीप्रमाणे पहाटे उठून, सकाळी आठच्या आत पायवाटेला लागलो आणि पाऊण तासात काचेसारख्या बर्फावरून हळूहळू माघारी आलो. दुसऱ्या खेपेस तीच वाट साडेदहाला धरली, तेव्हा तिच्यावर नुसती ओल होती. हिवाळ्यातल्या झायनमध्ये वाट किती मैलांची आहे यापेक्षा तिच्यावर ऊन केव्हा येते आणि किती वेळ टिकते, हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पुढची सगळी आखणी याच एका प्रश्नावर उभी आहे.

आधी दरीचा स्वभाव समजून घ्यावा

21 डिसेंबरच्या सुमारास पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे 48 अंश वर असतो. झायन 37 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे तिथे तो त्याच दिवशी जेमतेम 29 अंशांपर्यंत चढतो. दरीच्या भिंती ठिकठिकाणी 2,000 फूट उंच आहेत, म्हणजे पुष्कळ वळणांवर सूर्य भिंतीच्या वर डोके काढतच नाही. परिणामी, मोकळ्या उतारावर पाच-सहा तास ऊन पडते आणि तिथून दोनशे पावलांवर असलेल्या एखाद्या घळीत कित्येक आठवडे सूर्यकिरण पोचलेला नसतो. दिवसा दरीच्या तळाशी तापमान साधारण 10 ते 15 अंश सेल्सिअस असते आणि रात्री ते बहुधा शून्याखाली जाते. त्यामुळे सावलीतला बर्फ दिवसा किंचित पाझरतो, रात्री पुन्हा गोठतो आणि रोज थोडा अधिक गुळगुळीत होतो.

दुसरी गोष्ट खडकाची आहे. हे कडे मुख्यतः नव्हाहो वालुकाश्माचे, म्हणजे अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वीच्या वाळवंटातल्या टेकड्या दबून घट्ट झालेल्या खडकाचे आहेत. हा खडक सच्छिद्र असल्याने पावसाचे आणि बर्फाचे पाणी त्यात मुरते, खाली खाली झिरपत जाते आणि तळाच्या कायेंटा नावाच्या चिकणमातीयुक्त थराला अडून भिंतीतून आडवे बाहेर पडते. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणावर पाणी पावसाळ्यात वरून धो-धो कोसळते आणि मार्गशीर्षापर्यंत बहुतेक कडे कोरडे होतात. इथे पाणी खडकाच्या पोटातून येते आणि ते आत शिरून हजार वर्षांहून अधिक काळ लोटलेला असू शकतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की, आठ दिवस पाऊस-बर्फ काही पडला नसला तरी पाझराखालची वाट ओली असते आणि पहाटे ती गोठलेली असते. सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला ‘कोरडे हवामान म्हणजे कोरडी वाट’ अशी सवय असते. ती इथे विसरावी लागते.

हेच पाणी खडकाच्या भेगांत गोठले की सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि भेग रुंदावते. म्हणून हिवाळ्याच्या शेवटी दगड निखळण्याचे प्रमाण वाढते आणि दुपारच्या उन्हात कड्यावर लोंबणारे बर्फाचे सुळे सुटून खाली येतात. अशा सुळ्यांखाली छायाचित्रासाठी थांबू नये. चालत पुढे निघून जावे आणि मग मागे वळून पाहावे.

तारखा ठरवताना

झायन दरीत जाणारा सहा मैलांचा रस्ता वर्षातला बहुतेक काळ खाजगी गाड्यांना बंद असतो आणि मोफत शटल बसनेच जावे लागते. ही बस साधारण मार्चपासून नोव्हेंबरच्या अखेरपर्यंत आणि पुन्हा नाताळ ते नववर्ष या आठवड्यात धावते. उरलेल्या हिवाळ्यात, म्हणजे डिसेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत आणि जानेवारी-फेब्रुवारीत, स्वतःची गाडी थेट दरीच्या टोकापर्यंत, ‘टेंपल ऑफ सिनावावा’ या शेवटच्या थांब्यापर्यंत नेता येते. सोबत वृद्ध आई-वडील किंवा लहान मुले असतील तर या सोयीचे मोल फार आहे, कारण गाडी हीच त्यांची ऊबदार विश्रांतीची खोली होते.

माझे मत विचाराल तर नाताळचा आठवडा टाळून जानेवारीचा दुसरा किंवा तिसरा आठवडा निवडावा. शाळेच्या सुट्टीमुळे ते शक्य नसेल तर डिसेंबरच्या सुट्टीचे पहिले दोन-तीन दिवस धरावेत. फेब्रुवारीत ‘प्रेसिडेंट्स डे’च्या जोडसुट्टीला गर्दी एकदम वाढते आणि दरीतले वाहनतळ भरले की रस्ता काही काळ बंद ठेवला जातो, तेव्हा त्या सुट्टीतही जाऊ नये. किमान दोन मुक्काम ठेवावेत. दिवस लहान असतो, डिसेंबरच्या अखेरीस सूर्योदय सुमारे पावणेआठला आणि सूर्यास्त सव्वापाचच्या सुमारास होतो, आणि त्यातले चालण्याजोगे तास सहा-सातच मिळतात.

पोचण्याचा रस्ता

लास वेगासहून हे अंतर सुमारे 160 मैल आहे. आंतरराज्य महामार्ग 15 ने मेस्किट ओलांडून, व्हर्जिन नदीच्या अरुंद खिंडीतून सेंट जॉर्जला पोचावे आणि तिथून पुढे हरिकेन गावावरून राज्य महामार्ग 9 ने उद्यानालगतच्या स्प्रिंगडेल गावी यावे. नेवाडाची वेळ युटाच्या एक तास मागे असते. लास वेगासहून दुपारी एकला निघालेला माणूस तीन तासांनी पोचतो, तेव्हा इथे पाच वाजलेले असतात आणि अंधार पडू लागलेला असतो. पहिल्या दिवशी काही पाहायचे असेल तर वेगासहून सकाळी नऊच्या आत निघावे.

भाड्याच्या गाडीला कोणते टायर आहेत हे गाडी ताब्यात घेतानाच विचारावे. सेंट जॉर्जपर्यंतचा रस्ता बहुधा कोरडा असतो, परंतु उद्यानाच्या पूर्वेकडे 1930 साली खुला झालेला एक मैलाहून लांब बोगदा ओलांडल्यावर रस्ता चढत जातो आणि तिथे सावलीत ‘ब्लॅक आइस’, म्हणजे डांबरावरचा न दिसणारा बर्फाचा थर, असू शकतो. तिथे क्रूझ कंट्रोल, म्हणजे गाडीचा वेग आपोआप एकसारखा राखणारी सोय, बंद ठेवावा, वळणाच्या आधीच वेग कमी करावा आणि वळणावर ब्रेक दाबू नये. कोलोब टेरेस रस्त्याचा वरचा भाग हिवाळ्यात बर्फाखाली बंद होतो, म्हणून नकाशातले जवळचे रस्ते पाहून तिकडे गाडी वळवू नये. संध्याकाळनंतर महामार्ग 9 वर हरणे उतरतात. एक हरिण रस्ता ओलांडून गेले की त्याच्या मागून दुसरे येणार असे धरूनच चालावे.

उद्यानात पेट्रोल मिळत नाही आणि दरीत मोबाइलचे नेटवर्क जवळजवळ नसते. स्प्रिंगडेलला पोचण्याआधी टाकी भरून घ्यावी, नकाशे मोबाइलमध्ये उतरवून ठेवावेत आणि ‘चुकामूक झाली तर अमुक ठिकाणी अमुक वाजता भेटायचे’ हे घरातल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवावे. सेंट जॉर्जच्या मोठ्या दुकानांतून सामान भरून घेणे उत्तम, कारण स्प्रिंगडेलमधली काही उपाहारगृहे हिवाळ्यात बंद असतात किंवा लवकर बंद होतात.

राहण्यासाठी स्प्रिंगडेल सोयीचे आहे, कारण ते उद्यानाच्या दाराशीच आहे. दरीच्या आत असलेले झायन लॉज वर्षभर सुरू असते आणि परवडत असेल तर एक रात्र तिथे काढावीच. रात्री नऊनंतर त्या अंगणात उभे राहिल्यावर दोन्ही बाजूंच्या कड्यांमधून दिसणारी ताऱ्यांची पट्टी गावातून दिसत नाही.

प्रवेशशुल्क आणि भारतातून आलेले पाहुणे

एका खाजगी गाडीसाठी सात दिवसांचा प्रवेश 35 डॉलरला मिळतो आणि अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी सर्व राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास 80 डॉलरचा आहे. जानेवारी 2026 पासून एक महत्त्वाचा बदल झाला आहे. अमेरिकेचे रहिवासी नसलेल्या, 16 वर्षे व त्यावरील पाहुण्यांना झायनसह गर्दीच्या अकरा उद्यानांत दरडोई 100 डॉलर अधिक द्यावे लागतात, किंवा त्यांच्यासाठीचा 250 डॉलरचा वार्षिक पास घ्यावा लागतो. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांच्या बाबतीत हा खर्च आधीच हिशोबात धरावा, निघण्यापूर्वी राष्ट्रीय उद्यान सेवेच्या संकेतस्थळावर चालू नियम वाचावा आणि रहिवाशांनी सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे. एकाच दौऱ्यात ग्रँड कॅन्यन आणि ब्राइस कॅन्यनही पाहायचे असेल, तर 250 डॉलरचा पास दोन माणसांतही स्वस्त पडू शकतो.

कपडे, बूट आणि पिशवीतले सामान

थंडीसाठी एकच जाड कोट घेणे ही सगळ्यांत सामान्य चूक आहे. उन्हातला उतार आणि सावलीतली घळ यांत दहा-दहा अंशांचा फरक जाणवतो आणि जाड कोटात घाम येऊन आतले कपडे भिजतात. त्याऐवजी तीन थर घालावेत. अंगालगत लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, ऊबदार कृत्रिम कापडाचा थर, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जाकीट, अशी रचना ठेवावी. सुती बनियन, सुती मोजे आणि जीन्स खोलीवरच ठेवाव्यात, कारण भिजलेले सूत अंगाची ऊब ओढून घेते. चढ सुरू होण्याआधी एक थर काढावा आणि विश्रांतीला थांबताच, थंडी वाजण्याची वाट न पाहता, तो पुन्हा चढवावा. कानटोपी आणि हातमोजे प्रत्येकाकडे हवेतच. हातमोज्यांचा एक जादा जोड मुलांसाठी ठेवावा.

पायांसाठी ‘मायक्रोस्पाइक्स’ घ्यावेत. बुटावर ताणून बसवायचा रबरी पट्टा, त्याला खालून पोलादी साखळ्या आणि साखळ्यांना छोटे दात अशी त्याची रचना असते. स्प्रिंगडेलच्या दुकानांत ते भाड्याने मिळतात. आदल्या रात्री खोलीतच एकदा घालून-काढून पाहावेत, कारण गार पडलेल्या बोटांनी तो ताठ रबर ओढणे पहिल्या खेपेस जमत नाही. बर्फ संपून उघडा खडक लागला की ते लगेच काढावेत. दातांनी वालुकाश्मावर ओरखडे उठतात आणि दातही बोथट होतात. सोबत एक काठी असावी. पुढे खडकावर ओल दिसली तर पाऊल टाकण्याआधी काठीचे टोक टेकवून पाहावे. टोक रुतले किंवा ओलसर आवाज आला तर पाणी आहे. ‘टक्’ असा कोरडा आवाज होऊन टोक घसरले तर तो बर्फ आहे. बर्फावर पावले आखूड टाकावीत, तळवा पूर्ण टेकवावा आणि उतरताना घाईने टाच टेकवू नये.

हवा अतिशय कोरडी असते. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायले जात नाही आणि दुपारी डोके दुखू लागते. प्रत्येकाने दिवसाला दोन लिटर तरी पाणी बाळगावे, बाटल्या निघण्यापूर्वीच भराव्यात आणि रात्री गाडीत ठेवू नयेत, कारण सकाळी त्यांचे दगड झालेले असतात. कोरड्या हवेने नाकपुड्या फुटतात, त्यावर आपले खोबरेल उत्तम. मात्र ते थिजते, म्हणून छोटी डबी जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवावी. थर्मासमध्ये चहा, डब्यात दशम्या किंवा ठेपले, आणि संक्रांतीच्या सुमारास गेलात तर तिळगूळ किंवा गुळपोळी, असे खाणे या थंडीत फार कामाला येते, कारण हातमोजे न काढता पटकन खाता येते. खारींना मात्र त्यातला कणही देऊ नये. त्यांना खाऊ घालणे बेकायदेशीर आहे आणि त्या चावतातही.

उन्हामागून चालणारा दिवस

मुक्कामाच्या पहिल्या पूर्ण दिवसाची आखणी मी अशी सुचवतो.

सकाळी साडेसातला उद्यानातल्या मानव-इतिहास संग्रहालयाच्या मागच्या बाजूला उभे राहावे. समोर पश्चिमेला ‘टॉवर्स ऑफ द व्हर्जिन’ या सुळक्यांची रांग आहे आणि उगवत्या सूर्याचे पहिले किरण त्यांच्याच माथ्यावर पडतात. आधी एका टोकावर केशरी ठिपका दिसतो, मग तो रंग भिंतीवरून वीतवीत खाली उतरत येतो. तुम्ही स्वतः अजून निळसर सावलीत, शून्याखालच्या थंडीत असता, म्हणून सगळे थर चढवूनच यावे. अर्ध्या तासात खोलीवर परतून पोटभर न्याहारी करावी. सकाळी साडेनऊपर्यंत कोणत्याही पायवाटेवर जाण्याची घाई करू नये. घाटात दव सुकेपर्यंत थांबणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको.

साधारण दहाला दरीच्या रस्त्याने आत जावे. वाटेत ‘कोर्ट ऑफ द पेट्रिआर्क्स’ची तीन शिखरे सकाळच्या उन्हात समोरून उजळलेली असतात, तिथे पाच मिनिटे पुरतात. तिथून झायन लॉजसमोर गाडी लावून, नदीवरचा पूल ओलांडून ‘लोअर एमरल्ड पूल’ या तळ्याची वाट धरावी. जाऊन-येऊन सव्वा मैलाच्या आत असलेली ही वाट पश्चिमेकडच्या भिंतीला लागून असल्याने तिला सकाळचे ऊन मिळते. शेवटी भिंतीच्या कोनाड्याखालून वाट जाते आणि वरून पाण्याचे थेंब पडत असतात. हाच भाग धोक्याचा आहे, कारण थेंब पडतात तिथे वाटेवर बर्फाचे उंचवटे साचतात. स्पाइक्स इथे घालावेत, वर लोंबणाऱ्या सुळ्यांकडे लक्ष ठेवावे आणि वाट बंद असल्याची पाटी असेल तर ती निमूटपणे मानावी. सुळे पडण्याच्या धोक्यामुळे ही वाट हिवाळ्यात अधूनमधून बंद ठेवली जाते.

दुपारी बाराच्या सुमारास दरीच्या टोकाशी जावे आणि ‘रिव्हरसाइड वॉक’ करावा. जाऊन-येऊन 2.2 मैलांची ही वाट फरसबंद आणि जवळजवळ सपाट आहे. इथे दरी इतकी अरुंद होते की ऊन मध्यान्हीच्या आसपासच डोकावते, म्हणून ही वेळ चुकवू नये. वाटेत भिंतीतून पाझरणाऱ्या पाण्यावर झुडपे आणि शेवाळ वाढलेले असते, ज्याला तिथे ‘हँगिंग गार्डन’ म्हणतात. जानेवारीत मी तिथे बराच वेळ थांबलो होतो. बोटाएवढ्या जाड बर्फाच्या कवचाच्या आत हिरवेगार शेवाळ जसेच्या तसे दिसत होते, कवच आणि खडक यांच्यामधून पाण्याचा एक बारीक ओघ खाली सरकत होता आणि त्यातला हवेचा बुडबुडा मुंगीसारखा वाट काढत होता. अशा ठिकाणी हात लावू नये, फक्त जवळून पाहावे.

दुपारी अडीच-तीनला पुन्हा मोकळ्या भागात उतरावे. अंगात जोर असेल तर अभ्यागत केंद्रापासून निघणारी ‘वॉचमन’ची वाट, जाऊन-येऊन 3.3 मैलांची, या वेळेला उन्हात असते. तिच्यावर बर्फापेक्षा चिखलाचा त्रास जास्त होतो. चिखल टाळण्यासाठी कडेच्या मातीवरून चालू नये. वाट रुंदावते आणि नाजूक माती कायमची बिघडते. बूट भरले तर भरू द्यावेत. ज्यांना चढ नको त्यांनी नदीकाठची फरसबंद ‘पारुस’ वाट घ्यावी, जिथे दिवसातला बहुतेक वेळ ऊन असते आणि संध्याकाळी हरणे चरायला येतात. साडेचारनंतर नवी वाट सुरू करू नये. सूर्य कड्याआड गेला की दहा-पंधरा मिनिटांत हवा बदलते आणि डोक्याला बांधायचा दिवा, हेडलॅम्प, खोलीवर राहिलेला असतो, असा बहुतेकांचा अनुभव असतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-अकराला बोगद्याच्या पूर्व तोंडाशी असलेला ‘कॅन्यन ओव्हरलुक’ घ्यावा. वाट जाऊन-येऊन एक मैलाचीच आहे, परंतु सुरुवातीच्या पायऱ्या आणि मधला लाकडी पूल सावलीत असतात आणि काही ठिकाणी एका बाजूला सरळ खोली आहे. लहान मुलांचा हात सोडू नये. वाहनतळ फार छोटे असल्याने जागा नसेल तर रस्त्याच्या कडेला गाडी घुसवण्यापेक्षा पुढे जाऊन ‘चेकरबोर्ड मेसा’ हा डोंगर पाहून परत यावे. त्या पूर्व भागात वाळूच्या जुन्या टेकड्यांचे तिरके थर खडकावर स्पष्ट दिसतात आणि बर्फाची भुरभुर त्या रेघांत साचली की प्रत्येक थर खडूने आखल्यासारखा उठून दिसतो. मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्या, बिगहॉर्न, याच भागात दिसतात.

एंजल्स लँडिंग आणि नॅरोज

या दोन नावांमुळेच पुष्कळ लोक झायनला येतात, म्हणून त्यांविषयी स्पष्ट लिहितो.

एंजल्स लँडिंग या कड्यावर जाणाऱ्या वाटेच्या शेवटच्या, आधाराला साखळ्या लावलेल्या भागासाठी 1 एप्रिल 2022 पासून वर्षभर परवाना लागतो. तो सोडतीने मिळतो. एक सोडत हंगामाची असते आणि दुसरी आदल्या दिवशीची, जिच्यासाठी दुपारी तीनपर्यंत अर्ज करता येतो. हिवाळ्यात अर्जदार कमी असल्याने परवाना सहज मिळू शकतो आणि नेमका तोच मोह घातक आहे. साखळ्यांचा कडा अरुंद आहे, दोन्ही बाजूंना खोल दरी आहे आणि बर्फ असताना तिथे पाय घसरला तर सावरायला जागा नाही. इथे माणसे पडून मृत्युमुखी पडली आहेत. साखळ्यांवर बर्फ असेल तर परवाना खिशात असूनही जाऊ नये, असे माझे ठाम मत आहे. त्याऐवजी ‘स्काउट लुकआउट’पर्यंत जावे, जिथे परवाना लागत नाही आणि दरी तितकीच भव्य दिसते. मात्र तिथे जाणारी वाटही ‘रेफ्रिजरेटर कॅन्यन’ या घळीतून जाते. नाव सार्थ आहे. तिथला बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतो. पुढची 21 वळणे, ‘वॉल्टर्स विगल्स’, चढताना सोपी वाटतात आणि उतरताना खरी परीक्षा घेतात. स्पाइक्सशिवाय घळीच्या पुढे जाऊ नये.

नॅरोज म्हणजे नदीच्या पात्रातूनच चालत जाण्याची अरुंद दरी. ज्यांनी सह्याद्रीतली सांदण दरी पाहिली आहे त्यांना दोन्ही हातांना उंच भिंती आणि वर आकाशाची चिंधी हे दृश्य ओळखीचे वाटेल. फरक असा की, इथे पाणी सतत वाहते आणि हिवाळ्यात ते साधारण 3 ते 7 अंश सेल्सिअस असते. अशा पाण्यात ड्रायसूट, म्हणजे मानेशी आणि मनगटाशी घट्ट बसणारा पूर्ण जलरोधक पोशाख, निओप्रीन या रबरासारख्या कापडाचे मोजे, खास बूट आणि जाड लाकडी काठी यांशिवाय उतरू नये. हे सर्व स्प्रिंगडेलमध्ये दिवसाच्या भाड्याने मिळते आणि दुकानदार ते घालायला शिकवतात. नदीचा प्रवाह सेकंदाला 150 घनफुटांच्या वर गेला की नॅरोज बंद होते. आत शिरताना परतीची वेळ ठरवून घ्यावी. माझ्या मते दुपारी एकला, कुठेही असाल तरी, माघारी वळावे. सोबत जलरोधक पिशवीत कोरड्या कपड्यांचा पूर्ण जोड हवाच. कोणी अनावर कापू लागला, बोलताना अडखळू लागला किंवा हातातली वस्तू त्याला धरता येईनाशी झाली, तर शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरते आहे असे समजून सगळ्यांनी लगेच परतावे. नदीचे पाणी पिऊ नये आणि त्यात डोके बुडवू नये, कारण त्यात विषारी सायनोबॅक्टेरिया आढळले आहेत.

लहान मुले किंवा पहिल्यांदाच थंड प्रदेशात आलेले कोणी सोबत असेल तर नॅरोजचा विचार सोडून द्यावा. रिव्हरसाइड वॉकच्या शेवटी, जिथे फरसबंदी संपते आणि नदी भिंतीला भिडते, तिथल्या दगडावर बसून चहा घेतला तरी त्या दरीचे दार पाहायला मिळते.

आई-वडील सोबत असतील तर

दरीचा तळ समुद्रसपाटीपासून सुमारे 4,000 फुटांवर, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडा खालीच आहे, त्यामुळे विरळ हवेची भीती बाळगू नये. खरी काळजी दोनच गोष्टींची, घसरण्याची आणि सकाळच्या गारठ्याची. त्यांचा दिवस अकरा ते साडेतीन एवढाच ठेवावा, रिव्हरसाइड वॉक आणि पारुस या दोनच वाटा घ्याव्यात आणि साडीच्या किंवा धोतराच्या आत लोकरीची विजार घालण्याचा आग्रह धरावा. फरसबंद वाटेवरही बर्फाचे डाग असतात, म्हणून त्यांच्या बुटांनाही स्पाइक्स असावेत. नाहीतर काठी आणि कोणाचा तरी दंड आधाराला हवा. औषधे गाडीत न ठेवता अंगावरच्या पिशवीत ठेवावीत. दुपारी लॉजच्या हिरवळीवर बाक गाठावा. तिथे हरणे आणि रानटर्की कुठेही न चालता दिसतात.

ब्राइस कॅन्यन इथून दोन तासांवर आहे, पण ते 8,000 ते 9,000 फुटांवर असल्याने तिथली थंडी आणि बर्फ वेगळ्या दर्जाचा आहे. रस्ता मोकळा असेल तरच, आणि दिवसाउजेडी परतण्याच्या बोलीवर जावे.

मुक्कामात बर्फ पडला तर

वर्षाच्या पावसापैकी जवळजवळ निम्मा डिसेंबर ते मार्च या काळात पडतो, तेव्हा तीन दिवसांत एखादे वादळ गाठतेच असे धरून चालावे. रोज संध्याकाळी, स्प्रिंगडेलमध्ये नेटवर्क असताना, राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज आणि उद्यानाच्या संकेतस्थळावरची रस्त्यांची व वाटांची स्थिती पाहून ठेवावी. बर्फ पडत असताना गाडी बाहेर काढू नये. दरीच्या तळाशी तो बहुधा एक-दोन दिवसांतच वितळतो आणि रस्ते साफ केले जातात.

वादळ ओसरल्यानंतरचे दोन-तीन तास मात्र खोलीत घालवू नयेत. ढग वर न जाता कड्यांच्या मधोमध अडकून राहतात, सुळक्यांचे माथे त्यांच्या वर तरंगल्यासारखे दिसतात आणि ऊन पडू लागले की एरवी कोरड्या असलेल्या कड्यांवरून धबधबे सुरू होतात. पारुसच्या वाटेवर, अभ्यागत केंद्रापासून पहिल्या पुलापर्यंत गेले तरी हे सगळे दिसते. तिथे पाऊल टाकण्याआधी पुलाच्या फळ्यांवर काठी टेकवून पाहावी. खालून वारा लागत असल्याने पुलावरचा बर्फ शेजारच्या वाटेपेक्षा उशिरा सुटतो.